टक्का घसरला, तर?

ब्लॉगवर हेडफोनची लिंक टाकायची, कुणी त्यावरून खरेदी केली की कमिशन आपलं! अफिलिएट मार्केटिंगचा फंडा एवढा सोप्पा. अ‍ॅमेझॉननं तो १९९६ पासून राबवला. पण दर ठरवतं कोण? अर्थात कंपनी. एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉननं अमेरिकेत फर्निचरवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर आणलं, किराण्यावरचं ५ वरून १ वर. नोटीस जेमतेम आठवड्याची! १०० डॉलरच्या खुर्चीमागचे ८ डॉलर झाले ३; लिहिणाऱ्याची मेहनत मात्र तेवढीच.

म्हणूनच नुसता टक्का बघून हुरळू नका. क्लिकनंतर किती वेळात झालेली खरेदी तुमच्या नावावर लागणार? माल परत गेला तर कमिशनचं काय? दर बदलण्याआधी किती दिवस कळवणार? साइन-अप करण्याआधीच हे तपासा.

टाळी एका हातानं वाजत नाही, बरं का! हिशेब चोख ठेवणं कंपनीचं काम, तर लिंकमधून पैसे मिळतात हे वाचकाला सरळ सांगणं तुमचं. जाहिरात क्षेत्रातल्या ‘आस्की’ या संस्थेची २०२१ ची नियमावलीही हेच सांगते. आणि हो, एकाच कंपनीच्या कमिशनवर फ्लॅटचा हप्ता बेतू नका!