व्यसनमुक्ती केंद्राची निवड : प्रथम वैद्यकीय सुरक्षितता

अनेक वर्षे रोज अतिमद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी थांबविल्यास पहिल्या ४८ तासांत कंप सुटून कधी झटकेही येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन जीवितास धोका संभवतो. म्हणून रुग्णास घरी कोंडणे किंवा केवळ शपथ घालणे हा उपाय नव्हे.

केंद्रात डॉक्टर व परिचारिका अहोरात्र असतात काय, दाखल करतेवेळी तपासणी होते काय, नजीक रुग्णालय आहे काय, हे पाहावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये केलेली नोंदणी तपासावी. रुग्णास साखळीने बांधण्यास हा कायदा मनाई करतो.

शरीर सावरण्यास साधारणतः आठवडा लागतो. मनास मात्र समुपदेशन व कुटुंबाची दीर्घकाळ साथ हवी. १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही माहिती गरजू कुटुंबांपर्यंत पोहोचवावी.