फिरत्या दुकानासाठी दुसरी बॅटरी

टेम्पो किंवा व्हॅनमध्येच दुकान थाटून धंदा करणारे अनेक बांधव आपल्याकडे आहेत. तुळिंजहून माल भरून कुणी आठवडे बाजार गाठतो, तर कुणी रमजानमध्ये तरावीहनंतर रात्री उशिरापर्यंत गाडी लावून कपडे, अत्तर, खजूर किंवा खाद्यपदार्थ विकतो. दिवे, पंखा, वजनकाटा आणि मोबाईलचे चार्जिंग हे सारे गाडीच्या एकाच बॅटरीवर चालते. मग रात्री दोन वाजता चावी फिरवावी तर इंजिन हलत नाही. धक्का मारायला माणसे शोधावी लागतात आणि नाशवंत माल असेल तर नुकसान वेगळेच. यावर उपाय एकच, धंद्याच्या विजेसाठी स्वतंत्र बॅटरी.

दोन बॅटऱ्या, दोन कामे

गाडीची मूळ बॅटरी सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते. ती काही सेकंद फार मोठा प्रवाह देते आणि इंजिन सुरू झाले की अल्टरनेटर तिला पुन्हा भरतो. तिच्यावर तासन्‌तास दिवे चालवून ती वारंवार उतरवली, तर तिच्या प्लेटा लवकर खराब होतात. धंद्यासाठी इन्व्हर्टरला वापरतात तशी ट्यूब्युलर बॅटरी घ्यावी, कारण सावकाश उतरणे आणि पुन्हा भरणे हेच तिचे काम आहे.

आधी हिशोब, मग खरेदी

समजा, १० वॅटचे दोन एलईडी दिवे, २५ वॅटचा १२ व्होल्टचा पंखा आणि चार्जिंग व काट्यासाठी १५ वॅट धरले. एकूण ६० वॅट झाले. सहा तासांचे ३६० वॅट-तास. त्यास १२ ने भागले की ३० अँपिअर-तास येतात. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, म्हणून किमान ६० आणि थोडी शिल्लक ठेवून ७५ ते ८० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी.

उष्णता देणारी उपकरणे या हिशोबात बसत नाहीत. १००० वॅटची इस्त्री इन्व्हर्टरवर लावली तर बॅटरीतून ९० अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचला जातो. इस्त्रीसाठी कोळसा किंवा गॅस आणि स्वयंपाकासाठी गॅसच बरा. दिवे व पंखा मात्र थेट १२ व्होल्टचे घ्यावेत. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज त्यामुळे वाचते.

जोडणी कशी करावी

दोन्ही बॅटऱ्या नुसत्या तारेने कायमच्या जोडल्या तर दोन्ही एकदमच उतरतील आणि खर्च फुकट जाईल. मध्ये रिले हवा. व्होल्टेज पाहून चालणारा रिले इंजिन सुरू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेले की दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि इंजिन बंद होऊन व्होल्टेज खाली आले की तोडतो. सेल्फची बॅटरी आपोआप सुरक्षित राहते.

तारेत काटकसर नको. दुसरी बॅटरी मागे ठेवली आणि जाण्यायेण्याची तार मिळून १० मीटर झाली, तर ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ३० अँपिअरला सुमारे ०.८६ व्होल्ट वाटेतच गळतात. बॅटरी मग कधीच पुरी भरत नाही. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ही गळती ०.३२ व्होल्टवर येते.

फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ, दोन्ही टोकांना बसवावा, कारण वीज दोन्हीकडून येते. पत्र्यावर घासून तारेचे आवरण फाटले आणि फ्यूज नसला, तर गाडी पेटायला काही क्षण पुरतात. १६ च्या तारेला ६० अँपिअरचा फ्यूज ठीक. तार नळीतून न्यावी आणि बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधावी. चार्ज होताना तेजाबाच्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. त्यामुळे ती बंद पेटीत किंवा शेगडीशेजारी ठेवू नये. वसईकडच्या खाऱ्या हवेत टर्मिनल लवकर गंजतात, त्यांना पेट्रोलियम जेली लावावी.

गाडी पाहून निर्णय

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. त्यातील एकीवरून १२ व्होल्टचे दिवे घेण्याची चाल आहे, पण तिने दोन्ही बॅटऱ्या बिघडतात. तेथे व्होल्टेज उतरवणारे कन्व्हर्टर लावावे. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी काहींत अल्टरनेटरचे व्होल्टेज संगणक कमी-जास्त करतो. तेथे रिले नीट चालत नाही, डीसी-डीसी चार्जर घ्यावा लागतो. लिथियम फॉस्फेटची बॅटरी घेणाऱ्यांनीही हाच चार्जर वापरावा, नाहीतर ती एवढा प्रवाह खेचते की अल्टरनेटर तापू शकतो. ही बॅटरी हलकी आणि टिकाऊ, पण महाग आहे.

अर्ध्या तासाच्या फेरीत उतरलेली बॅटरी भरत नाही, हेही ध्यानात घ्यावे. आठवड्यातून एकदा तरी घरच्या चार्जरवर रात्रभर लावावी. टपावर १०० वॅटचे सौर पॅनेल बसवले तर उन्हाच्या दिवशी सुमारे ३० अँपिअर-तास मिळू शकतात, पावसाळ्यात मात्र फारच कमी.

कारागिरांसाठी संधी

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. प्रवासात राहण्याच्या अशा गाड्यांतही दिवे, पंखा, फ्रीज याच दुसऱ्या बॅटरीवर चालतात. ऑटो इलेक्ट्रिशियनचे काम जाणणाऱ्या आपल्या तरुणांनी हा हुन्नर आत्मसात करावा. मात्र गाडीच्या रचनेत बदल करायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्यावी आणि वॉरंटीतील गाडीची मूळ वायरिंग कापू नये. जुनी बॅटरी घरी फोडू नये, कारण शिशाची धूळ लहान मुलांना फार घातक असते. ती दुकानदाराला परत द्यावी, मोबदलाही मिळतो.

पातळ तार घालून आणि फ्यूज गाळून ग्राहकाचे चार पैसे वाचवले असे दाखवता येते, पण उद्या गाडी पेटली तर त्याची रोजीरोटीच जाते. जाड तार आणि योग्य फ्यूज घालून त्याचा वाजवी दाम घ्यावा. कमाईची बरकत त्यातच आहे.