अर्ध्या गुणाची गोष्ट

शनिवार-रविवारच्या बुद्धिबळ स्पर्धांना इकडे आता आपली मुलं बरीच दिसतात. आत शाळेच्या नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये डाव चाललेले, बाहेर थर्मास आणि पोळीभाजीचे डबे सांभाळत बसलेले आपण पालक. मूल दारात दिसलं की प्रश्न एकच, "जिंकलास का?" आणि "ड्रॉ" असं उत्तर आलं की आपला चेहरा किंचित पडतोच.

नवख्यांच्या डावात हा ड्रॉ बऱ्याचदा असा होतो. एकाकडे राजा-वजीर, दुसऱ्याकडे नुसता राजा, तोही कोपऱ्यात. वजीरवाला घाईघाईने त्या राजापासून घोड्याच्या अडीच घरांवर वजीर ठेवतो. शह नाही, पण राजाला हलायला घरही नाही. झाली बरोबरी! इथे याला स्टेलमेट म्हणतात, आपल्याकडे जिच.

गंमत म्हणजे याच इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत अशी कोंडी करणारा चक्क हरला असं धरत. बरोबरीचा नियम रुळला तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तरी बरोबरीला किंमत नव्हतीच. १८६२ च्या लंडन स्पर्धेत निकाल लागेपर्यंत डाव पुन्हा खेळावा लागे. अर्धा गुण पहिल्यांदा दिला तो स्कॉटलंडमध्ये, १८६७ च्या डंडी स्पर्धेत.

माझे सासरे सांगलीचे, देशी पद्धतीने खेळून वाढलेले. उन्हाळ्यात ते इकडे असताना आमच्या लेकाने असाच एक डाव बरोबरीत सोडवला. बाबांचं मत, डाव हरलेला दिसला की सभ्यपणे सोडून द्यावा. मला मात्र हे पटत नाही. शाळेत शिकवताना कोरा पेपर लवकर देऊन बाहेर पडणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. दहा वर्षांच्या मुलाने शेवटपर्यंत बसावं.

घरी आल्यावर बाबांनी पट मांडला. "आमच्यात जिच करूच देत नसत. आणि तुझा एकटा राजा उरला, तेव्हाच बुर्जी झाली असती."

"बुर्जी म्हणजे हरलो?"

"नाही रे. बरोबरी."

"मग आजोबा, अर्धा गुण तर तेव्हाच मिळाला असता! मी उगाच वीस खेळ्या पळत बसलो."

बाबा हसले आणि वजीर त्याच्या हातात देत म्हणाले, "आता तू मात करून दाखव."