दाताभोवतीचे हाड पुन्हा वाढते काय?

दात कशात रोवलेला असतो, असे कोणी विचारले तर तुम्ही चटकन सांगाल, "हिरडीत!" पण हिरडी हे नुसते वरचे पांघरूण. दाताचे मूळ असते जबड्याच्या हाडातील खोबणीत. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तोच दाताला हाडाशी बांधून ठेवतो.

हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर साचला, की हिरडी सुजते, दात घासताना रक्त येते. दुर्लक्ष केले तर काही जणांत ही सूज खोल उतरते. जंतूंशी लढता लढता शरीराच्याच पेशी दाताभोवतीचे हाड झिजवू लागतात. बहुधा दुखत नाही. त्यामुळे दात हलू लागेपर्यंत रोग्याला पत्ताही लागत नाही.

मग दंतवैद्याने मूळ खरवडून साफ केले, की गेलेले हाड परत येते का? सहसा नाही. याचे कारण वाशीम जिल्ह्यातील इंझोरीच्या शेतकऱ्याला लवकर पटेल. तुरीचे रोप सुरुवातीला सावकाश वाढते. तेवढ्यात मोकळी जागा कोण बळकावते? तण! जखमेतही असेच होते. हिरडीच्या पेशी झपाट्याने खाली सरकून मुळाला बिलगतात. तंतूंच्या आणि हाडाच्या पेशी मागे राहतात. त्यांना जागाच उरत नाही.

स्वीडनमधील नायमन, लिंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक युक्ती योजली. त्यांनी एका रुग्णाच्या खालच्या पुढच्या दाताचे मूळ साफ केले आणि हिरडी व मूळ यांच्यामध्ये बारीक छिद्रांचा पडदा बसवला. हिरडी पडद्याबाहेर अडली. काही महिन्यांनी पाहतात तो मुळावर नवे तंतू रुजलेले! हा प्रयोग १९८२ साली प्रसिद्ध झाला. आता शरीरात आपोआप विरघळणारे पडदेही मिळतात. काही वेळा त्यांच्याखाली हाडाची पूड भरतात.

मात्र ही काही जादू नव्हे. खड्डा खोल, अरुंद आणि भोवती हाडाच्या भिंती शिल्लक असलेला हवा. सगळीकडून हाड सारखेच खचले असेल, तर फारसे साधत नाही. शिवाय तंबाखूने जखम नीट भरत नाही. घरातल्या खर्रा खाणाऱ्या मोठ्यांना हे जरूर सांगा.

आणि तुम्ही? दात घासताना रक्त दिसले तर घासणे सोडू नका, दंतवैद्याला दाखवा. त्या वेळी बहुधा नुसती हिरडीच सुजलेली असते, आणि सुजलेली हिरडी पूर्ण बरी होऊ शकते. गेलेले हाड परत आणणे मात्र फार अवघड.