मुद्राराक्षसांतील हेर आणि त्यांच्या कामाचें मोल

मुद्राराक्षस नाटकाकडे आमचे संशोधक मित्र बहुधा कालनिर्णयासाठींच वळतात. भरतवाक्यांत कांहीं पोथ्या चंद्रगुप्त म्हणतात, कांहीं अवंतिवर्मा, कांहीं दंतिवर्मा. आणि त्या एका नांवावर विशाखदत्ताचें शतक टांगलेलें असल्यामुळें वाद मिटत नाहीं. काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं १८८४ सालीं संपादिलेल्या आवृत्तींतील धुंडिराजाची टीका तंजावरास भोसल्यांच्या अमदानींत लिहिली गेली, हेंहि वाचकांस ठाऊक आहेच. तो सर्व विषय आज बाजूस ठेवून आम्ही निराळाच प्रश्न मांडतों: या नाटकांत जे हेरगिरी करतात, त्यांस ती केवढ्यास पडते?

१९०९ सालीं शामशास्त्री यांनीं म्हैसुरास कौटिलीय अर्थशास्त्र प्रसिद्ध केल्यापासून एक उत्तर हातीं आहे, तें पणांतलें. कापटिक, तापस वगैरे एके जागीं राहून काम करणाऱ्या हेरांस वेतन हजार पण. तीक्ष्ण, रसद, भिक्षुकी यांस पांचशें. रसद, म्हणजे विषप्रयोग करणारा, हा आप्तांविषयीं निःस्नेह, क्रूर व आळशी लोकांतून घ्यावा, असें शास्त्र सांगतें. दोन्हीकडून वेतन घेणाऱ्या हेराचीं बायकामुलें राजानें आपल्या ताब्यांत ठेवावीं. म्हणजे माया नसलेला मनुष्य पाहावा. असलीच तर ती ओलीस धरावी.

विशाखदत्ताच्या हेरांचें काम मात्र मायेवांचून चालूंच शकत नाहीं. सिद्धार्थक शकटदासाला वधस्थानावरून पळवून नेतो आणि त्या उपकाराच्या बळावर राक्षसाच्या पदरीं राहतो. पण ज्या कूटलेखानें राक्षसाचा घात व्हावयाचा, तो याच शकटदासाकडून त्यानें आधींच लिहवून घेतलेला असतो. क्षपणक जीवसिद्धि राक्षसाचा जिवलग. तोहि चाणक्याचाच निघतो. शत्रूनें आपलें अंतःकरणसुद्धां काबीज केलें, असें त्या वेळीं राक्षसाला वाटतें.

सर्वांत विलक्षण प्रसंग पांचव्या अंकांत आहे. शिबिराबाहेर जाणाऱ्यांस मुद्रा देण्याचा अधिकार मलयकेतूनें विश्वासानें भागुरायणाकडे सोंपविला आहे. इतका जीव लावणाऱ्या कुमाराला फसविणें किती अवघड, असें भागुरायणाच्या मनांत येतें, आणि लगेच तो स्वतःला दटावतो: कुळ, लाज, कीर्ति यांकडे पाठ फिरवून द्रव्यासाठीं देह विकलेल्या परतंत्रानें आतां विचार कसला करावा? कोणी म्हणेल, ही चाकरमान्याची नेहमींचीच सबब. आम्हांस तसें वाटत नाहीं. सबब सांगणारा धन्याकडे बोट दाखवितो. हा स्वतःचेंच विक्रीखत वाचीत आहे.

आम्हीं हें नाटक वर्षानुवर्षें वर्गांत शिकविलें. मुंग्यांच्या तोंडीं भाताचे कण पाहून चाणक्यानें दडलेले मारेकरी ओळखले, येथें मुलें बेहद्द खूष होत. ते तेथेंच आगींत मेले, याबद्दल कोणी विचारीत नसे. आणि आम्हीहि भागुरायणाच्या श्लोकांतील समास सोडवून पुढें जात असूं.

चाणक्याच्या नीतीनें युद्धावांचून राज्य स्थिर झालें, असें म्हणण्याची वहिवाट आहे. परंतु कुलूत, मलय, काश्मीर, सिंधु व पारसीक येथील पांच राजांचें काय? कूटलेखावर विश्वासून मलयकेतूनें तिघांस खड्ड्यांत जिवंत पुरविलें, दोघांस हत्तीच्या पायीं दिलें. पांचहि निरपराध होते. मलयकेतूला पुढें वडिलांचा मुलूख परत मिळतो, राक्षसाला प्रधानपद. या पांचांसाठीं हळहळतो तो एकटा राक्षस.

सहाव्या अंकांत सिद्धार्थकाचा मित्र समिद्धार्थक विचारतो, कीं चाणक्याजवळ मारेकरी काय संपले, म्हणून हें निर्दय काम आपल्याकडे आलें? सिद्धार्थकाचें उत्तर असें, कीं जगावयाची इच्छा असलेला कोण त्याची आज्ञा मोडील? मग दोघे चांडाळवेष घेऊन चंदनदासाला वधासाठीं नेतात. मागून बायको व लहान मुलगा येतात. आपण आतां काय करावें, असें मुलगा विचारतो. जेथें चाणक्य नाहीं अशा देशीं राहावें, असें बाप सांगतो. ऐकणारे दोघे चाणक्याचेच.

भागुरायणाच्या स्वगतांतील पाठभेद आम्हीं जुळवीत आहों. ज्यांच्या संग्रहीं या नाटकाची पोथी असेल, त्यांनीं तेवढ्या श्लोकाची नक्कल पाठविल्यास उपकार होतील.