सेकंडहँड फोर बाय फोर घेताय?

हॉस्टेलच्या कट्ट्यावर ‘फोर बाय फोर’ हा शब्द कोणी नुसता उच्चारला, तरी पाच मिनिटांत थार, जिप्सी आणि खारदुंगला सगळं येऊन जातं. मागच्या सीटवर कोण बसणार, हे मात्र कोणी विचारत नाही. आमच्या घरी सध्या हाच विषय पेटलाय. गाडी एकच घ्यायची आणि तिला कामं दोन. पहिलं म्हणजे सिंधुदुर्गातल्या आमच्या घराकडे जाणारा शेवटचा चढ. जुलैमध्ये तिथली लाल माती साबणासारखी होते. आजीला दवाखान्यात न्यायचं तर साधी गाडी खाली रस्त्यावरच उभी राहते. दुसरं काम म्हणजे बाबांचं जुनं स्वप्न, सगळ्यांना घेऊन स्पिती. मी मेकॅनिकलची, त्यामुळे ‘अभ्यास’ माझ्या गळ्यात पडला. निदान कुठेतरी अभ्यास चालू आहे!

आधी बेसिक फंडा. गाडी वळते तेव्हा चारही चाकं वेगवेगळ्या वर्तुळांवर धावतात. डाव्या-उजव्या चाकांमधला फरक डिफरन्शियल सांभाळतो. पण पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, त्याचं काय? थार, जिप्सी, जुनी सफारी यांत फोर व्हील ड्राइव्ह ‘पार्ट-टाइम’ असते. फोर-एच लावलं की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधून टाकते. चिखलात चाकं थोडी घसरतात आणि हिशेब जुळतो. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, मग तो पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, टायर ओरडतात आणि कधीकधी लिव्हर टू-एचमध्ये परत यायलाच तयार नसतो. म्हणून अशी गाडी घेऊन एक्स्प्रेस-वेवर ‘ग्रिप जास्त मिळेल’ म्हणून फोर-एच लावणारा माणूस दिसला, तर त्याची गाडी विकत घेऊ नका.

फोर-एल म्हणजे लो रेंज. चाकांवरचा टॉर्क साधारण अडीच पट होतो आणि वेग तेवढाच कमी. दगडांवरून सरपटायला किंवा उभा उतार इंजिनच्या जोरावर हळूहळू उतरायला ती लागते.

अजून एक गैरसमज. फोर बाय फोर आहे म्हणजे चारही चाकं कायम ओढतात असं नाही. साधा डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देतो. एक चाक हवेत लटकलं की त्याला लागतो जवळजवळ शून्य, म्हणून दुसऱ्यालाही मिळतो तेवढाच. ओरल्सला हे मी घडाघडा सांगितलं होतं, पण कळलं ते एका गॅरेजमध्ये जॅकवर चढवलेल्या जीपचं फिरणारं चाक बघून. यावर उपाय लॉकिंग डिफरन्शियल. जुन्या थारमध्ये तो २०१५ पासून मागच्या ॲक्सलला मिळू लागला.

आता गाड्या. जिप्सी पहिल्याच फेरीत बाद. हलकी आणि चिवट, मान्य. पण पेट्रोल इंजिन, त्याला टर्बो नाही, आणि पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो. शिवाय त्या कमानपाट्यांवर आजीला बसवून मुंबई ते मालवण नेणं म्हणजे पापच.

२०१० ते २०२० मधल्या थारसाठी माझा भाऊ अडून बसलाय. पण तिच्या मागच्या बाकड्यांवर आडवं, एकमेकांकडे तोंड करून बसावं लागतं. गाडी समोरून धडकली की आडवा बसलेला माणूस कडेला फेकला जातो. सीटबेल्टचं सगळं डिझाइन समोर तोंड करून बसणाऱ्यासाठी असतं. भावाला रील्स काढायला थार हवीय, पण मागे बसणार मी आणि आजी. विषय संपला.

उरल्या दोन. सफारी स्टॉर्म, २०१२ ते २०१९. मजबूत लॅडर चेसिस, लो रेंज, ऐसपैस मधली सीट. मात्र तिसऱ्या रांगेतल्या सीट इथेही आडव्याच, तिथे फक्त बॅगा. यात एक सापळा आहे. स्टॉर्म बहुतेक टू व्हील ड्राइव्हचीच दिसते, आणि मागे ‘फोर बाय फोर’चं स्टिकर कोणीही लावू शकतं, तेव्हा खाली वाकून पुढच्या चाकांकडे शाफ्ट जातोय का ते बघा. २०२१ ला आलेली नवी सफारी तर पुढच्या चाकांवरच चालते. नाव तेच, गाडी वेगळी.

दुसरी म्हणजे डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह, २०१४ पासूनची. एरवी पुढची चाकं ओढतात, ती घसरली की एक कपलिंग मागच्यांना टॉर्क देतं. बटण ‘लॉक’वर ठेवलं तर चिखलात मुद्दाम चारही चाकांना ताकद मिळते. लो रेंज नाही, पण पहिला गिअर खूप छोटा आहे. ग्राउंड क्लिअरन्स दोनशे मिलिमीटरच्या वर आणि चढायला पायरी स्टॉर्मइतकी उंच नाही. आमचा चढ निसरडा आहे, दगडांचा नाही. उन्हाळ्यात काझापर्यंत जायला लो रेंजवाचून अडत नाही. माझं मत डस्टरला. ज्यांना खरोखर नदीनाले आणि दगडधोंडे तुडवायचेत त्यांनी स्टॉर्म बघावी.

बघायला जाताना जुने कपडे घाला, कारण निम्मी तपासणी जमिनीवर झोपून करायची असते. चेसिसवर छोटी हातोडी मारत जा. ‘ठण्ण’ वाजलं तर ठीक, ‘भद’ वाजलं तर आतून गंज. गाडी समुद्रकाठची असेल तर हे दोनदा. डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. मग मातीच्या मैदानावर फोर-एच आणि फोर-एल दोन्ही लावून गाडी चालवा. शहरातल्या मालकाने वर्षानुवर्षं ते लावलेलंच नसतं, आणि न वापरलेली यंत्रणा जाम होते. ‘चालतं हो साहेब, कधी लागलंच नाही’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. डस्टरमध्ये टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती मागा. तो चालू इंजिनमध्ये तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

टायर चारही सारखे हवेत. समजा, नव्या टायरचा व्यास ७०० मिमी. ७ मिमी झिजला की ६८६. किलोमीटरमागे नवा टायर सुमारे ४५५ फेरे घेतो, झिजलेला ४६४. पुढे नवे आणि मागे जुने टायर असतील तर नऊ फेऱ्यांचा हा फरक कपलिंग किंवा ट्रान्सफर केसच्या डोक्यावर बसतो, तोही प्रत्येक किलोमीटरला.

लोखंडी बुलबार लावलेली गाडी मिळाली तर तो आधी काढा. केंद्र सरकारने २०१७ मध्येच त्यावर कारवाई करा असं राज्यांना कळवलंय. छतावरचं कॅरिअर हलकं भरा, कारण वजन वर गेलं की वळणावर गाडी कलंडायला बघते.

कागदपत्रांत पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर हिशेबात धरा. दिल्लीकडच्या जुन्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात, पण एनओसी, इथली नोंदणी आणि रोड टॅक्स मिळवून बघा. कर्जाचा बोजा आणि थकलेली चलानंही.

आणि टोकन देण्याआधी आमची आजी मागच्या सीटवर दोनदा चढणार, दोनदा उतरणार. तिचा गुडघा ‘नाही’ म्हणाला, तर पुढची गाडी बघायची.