वेबपानाची घडण आणि मराठी अक्षर



वेबपान तयार करणे हा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा प्रांत आहे, अशी तुमची समजूत असेल तर ती या घटकापुरती बाजूला ठेवा. काही वर्षांपूर्वी एका परिचितांनी प्रस्तुत लेखकाकडे एक सीडी आणून दिली. त्यांच्या दिवंगत वडिलांचे लेख तीत होते. ते एका डीटीपी केंद्रातून टंकलिखित करून घेतले होते आणि टंकलेखन झाल्यावर हस्तलिखित रद्दीत गेले होते. सीडीवरील फाइल उघडली, तेव्हा पडद्यावर ना मराठी दिसली ना इंग्रजी. केवळ इंग्रजी अक्षरांची असंबद्ध रांग दिसली. लेख नष्ट झाले नव्हते, पण वाचताही येत नव्हते. असे का घडले हे समजले, म्हणजे वेबपानाच्या मूलतत्त्वांपैकी सर्वांत महत्त्वाचे तत्त्व समजले असे म्हणता येईल. त्याकडे वळण्यापूर्वी पानाची रचना थोडक्यात पाहू.

पानाचे तीन थर

जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये परस्परांशी दुव्यांनी जोडलेल्या दस्तऐवजांची कल्पना मांडली. १९९३ मध्ये सर्नने हे तंत्र सर्वांसाठी मुक्त केले. या दस्तऐवजांची भाषा म्हणजे एचटीएमएल. तिला 'मार्कअप' म्हणतात आणि हा शब्द मुद्रणव्यवसायातून आला आहे. छापखान्यात संपादक हस्तलिखिताच्या समासात जुळाऱ्यासाठी खुणा करी: हे शीर्षक, येथे नवा परिच्छेद, हे अवतरण. एचटीएमएल हेच करते. मजकुराच्या आधी आणि नंतर कोनी कंसांत खुणा घालून ती ब्राउझरला सांगते, की हा भाग शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, हा दुवा आहे.

येथे एक भेद नीट लक्षात घ्या. शीर्षक 'असणे' आणि शीर्षकासारखे 'दिसणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादी ओळ ठळक व मोठी केली, तरी तिला शीर्षकाची खूण नसेल तर ती शीर्षक ठरत नाही. डोळस वाचकाला फरक कळणार नाही. परंतु पडदावाचक प्रणालीच्या साहाय्याने ऐकणाऱ्या अंध वाचकाला कळतो. तो शीर्षकावरून शीर्षकावर उडी घेत पान चाळत असतो आणि तुमचे पान त्याला एकसलग भिंतीसारखे लागते.

दिसण्याची व्यवस्था सीएसएस या दुसऱ्या भाषेकडे असते. १९९४ मध्ये होकॉन व्यूम ली यांनी तिचा प्रस्ताव मांडला. तिसरा थर जावास्क्रिप्टचा. ही भाषा १९९५ मधील. पानाला वाचकाच्या कृतीला प्रतिसाद देण्याची शक्ती ती पुरवते. तिन्ही थर वेगळे ठेवावेत, इतके तूर्त पुरे.

अक्षर आणि अंक

संगणक अक्षरे साठवत नाही, अंक साठवतो. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, हा निव्वळ संकेत असतो. १९६३ च्या 'ॲस्की' या संकेतात १२८ स्थाने होती आणि त्यांत इंग्रजी अक्षरे, अंक व विरामचिन्हे एवढेच मावत होते. देवनागरीला तेथे जागा नव्हती. आपल्याकडील टंककारांनी यातून एक पळवाट काढली. अंक इंग्रजीचेच ठेवायचे. फक्त टंकात इंग्रजी अक्षराच्या आकृतीऐवजी देवनागरी आकृती काढायची. उदाहरणार्थ, 'कृतिदेव' या टंकात 'काम' हा शब्द म्हणजे प्रत्यक्षात डी, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. टंक संगणकावर असेपर्यंत पडद्यावर 'काम' दिसते. टंक नसला की मुखवटा गळून पडतो. सीडीवरील लेखांचे हेच झाले होते.

या पद्धतीत आणखी एक गोम होती. डोळ्याला ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून तीही आधीच टंकित होई. आपण उच्चार मात्र 'क' आणि मग 'इ' असा करतो. म्हणजे साठवलेला क्रम आकृतीचा होता, भाषेचा नव्हता. अशा मजकुरात शब्दाचा शोध घेता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, तो यंत्राकडून वाचून घेता येत नाही. एका परीने ते मराठीचे चित्र होते, मराठी नव्हे.

१९९१ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'युनिकोड' या संकेताने हा प्रश्न मुळातून सोडवला. त्यात देवनागरीसाठी १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग आहे. 'क' चा अंक कोणत्याही टंकात 'क' चाच राहतो आणि वेलांटी उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर साठवली जाते. तिला डावीकडे मांडण्याचे काम टंक करतो. (मराठीला हवा असलेला 'ॲ' मात्र या विभागात २००८ मध्ये आला. त्यापूर्वी 'अ' वर चंद्र देण्यासाठी लोकांनी काय काय खटाटोप केले, हा एक स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.)

युनिकोडचे अंक फाइलमध्ये लिहिण्याची रूढ रीत म्हणजे यूटीएफ-८. ती केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केली. या रीतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी वर्णाला तीन. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी असे पाच घटक आहेत. म्हणून तो पंधरा बाइट व्यापतो. ब्राउझरने हे बाइट एखाद्या जुन्या युरोपीय संकेताने वाचले, तर प्रत्येक वर्णाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' आणि त्यामागे दोन विचित्र चिन्हे उमटतात. असे पान तुम्ही केव्हा तरी पाहिले असेलच. उपाय एका ओळीचा आहे: पानाच्या शिरोभागात संकेतन यूटीएफ-८ असल्याची घोषणा करावी. ही घोषणा फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत असली पाहिजे. म्हणून ती शीर्षकाच्याही आधी लिहिण्याची सवय ठेवा.

भाषेचे नाव सांगणे

लिपी देवनागरी असली, म्हणून भाषा मराठी असे ठरत नाही. हिंदी, नेपाळी, संस्कृत आणि कोकणी याच लिपीत लिहिल्या जातात. म्हणून एचटीएमएलच्या आरंभीच्या खुणेत भाषेचा संकेत द्यावा लागतो. मराठीचा संकेत 'एमआर' ही दोन अक्षरे. तो दिला, तर पडदावाचकाला मराठी उच्चार निवडता येतो. टंकात सोय असल्यास मराठी वळणाचे पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही रूपेही आपोआप उमटतात. प्रत्यक्षात अनेक मराठी पाने स्वतःला इंग्रजी म्हणवून घेतात, कारण कोणाची तरी इंग्रजी नमुना-फाइल उचलताना ती दोन अक्षरे बदलायची राहून गेलेली असतात.

सीएसएसबाबत दोनच सूचना. मात्रा, रफार आणि उकार यांमुळे देवनागरी ओळीला वर-खाली अधिक जागा लागते. इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींमधील अंतर तसेच ठेवू नका. आणि अक्षरांमधील अंतर वाढवण्याचा मोह टाळा, शिरोरेघ तुटते.

जावास्क्रिप्टमध्ये शब्दाची लांबी मोजताना सावध राहा. 'ज्योत्स्ना' या नावात आपल्याला दोन अक्षरे दिसतात; यंत्र दहा मोजते. नावासाठी आठ वर्णांची मर्यादा घालणारा अर्ज या बाईंचे नाव स्वीकारणार नाही, आणि आपले काय चुकले हे त्यांना कधीही कळणार नाही.

त्या लेखांचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. टंक ओळखता आला, परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणला आणि मग कित्येक आठवडे मुद्रितशोधन चालले, कारण जोडाक्षरे व रफार बऱ्याच ठिकाणी बिघडले होते. ताडून पाहायला हस्तलिखित नव्हते. चार ठिकाणी मूळ शब्द कोणता, याचा निर्णय लागला नाही. तेथे चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह ठेवले आहे.

स्वाध्याय

तुमच्या घरातील, वाचनालयातील किंवा मंडळातील एखादी जुनी मराठी फाइल मिळवा. तिच्यातील एक शब्द शोध-चौकटीत युनिकोड मराठीत टंकित करून तो सापडतो का ते पाहा. न सापडल्यास फाइल कोणत्या टंकात आहे ते नोंदवा, एक परिच्छेद परिवर्तित करा आणि मुद्रितशोधनात आढळलेल्या चुका वर्गवारीने लिहून काढा. तो परिच्छेद शीर्षकाची खूण, संकेतनाची घोषणा आणि भाषेचा संकेत यांसह एका साध्या वेबपानावर मांडून संपर्कसत्राला सोबत आणा. मूळ फाइल मात्र पुसू नका.